क्ष-किरणांचे उस्ताद विल्हेल्म रॉन्टजेन आणि आमच्या मामूंच्या पायाचा फोटो

८ नोव्हेंबरला जगभर रेडिओग्राफी दिन पाळला जातो. आमच्या मानोऱ्यात त्या दिवसांत सोयाबीन घरात आलेले असते, कपाशीची वेचणी सुरू असते, आणि असा काही दिवस असतो याची कुणाला खबरही नसते. आम्हालाही नव्हती. शाळेत विज्ञान शिकवताना क्ष-किरणांचा शोध रॉन्टजेन यांनी लावला, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, हाच आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. यंदा मात्र मामूंच्या पायामुळे या माणसाच्या आयुष्यात डोकावण्याची वेळ आली.

मामू गवंडीकाम करतात. जूनच्या शेवटी पहिल्या पावसात दिग्रसच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. शहरातल्या एका दवाखान्यात आतून रॉड टाकला. तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. आमच्याकडे त्याला आजही फोटोच म्हणतात. एका डॉक्टरांनी तो पाहून सांगितले की हाड जुळत आलंय, आता पायावर वजन टाका. घरच्यांना धीर होईना म्हणून तोच फोटो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि सांगितले की फट अजून दिसते आहे, दीड महिना थांबा. फोटो एकच, पायही एकच. मामूंनी आम्हाला एकच सवाल केला, की दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? दीड महिना म्हणजे गवंड्याची दीड महिन्याची मजुरी, म्हणून सवाल साधा नव्हता. आणि घाई करून चालले, रॉड वाकला किंवा स्क्रू तुटला, तर पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा कर्ज.

उत्तर शोधता शोधता आम्ही थेट जर्मनीत पोहोचलो.

विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते, आई मूळची हॉलंडकडची. एकुलते एक मूल. विल्हेल्म तीन वर्षांचे असताना कुटुंब हॉलंडमधल्या आपेलडोर्न गावी राहायला गेले आणि त्यांचे बालपण तिथेच गेले. अभ्यासात फार चमकदार म्हणावे असे काही नव्हते. हातांनी वस्तू बनवायचा, यंत्रे उघडून बघायचा नाद मात्र होता.

पुढे उट्रेख्ट शहरातल्या तांत्रिक शाळेत असताना एक प्रसंग घडला. कुणीतरी एका शिक्षकाचे विडंबनचित्र काढले. चित्र रॉन्टजेन यांनी काढले नव्हते, पण ज्याने काढले त्याचे नाव सांगायला त्यांनी नकार दिला. आळ त्यांच्यावर आला आणि शाळेतून नाव कमी झाले. त्यामुळे विद्यापीठात जाण्यासाठी लागणारा दाखलाच हातात आला नाही. आम्ही शिक्षक आहोत, वर्गात अशी चित्रे आमचीही निघतात. चित्र कुणाचे हे न तपासता समोर सापडलेल्या मुलाला उभे करण्याची घाई आमच्याकडूनही झालेली आहे, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

दाखला नसलेल्या या मुलाला झ्युरिकच्या पॉलिटेक्निकने १८६५ मध्ये प्रवेश दिला. तिथे ते यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि १८६९ मध्ये झ्युरिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिथेच आउगुस्ट कुन्ट या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना हेरले आणि आपले सहायक केले. असा उस्ताद मिळणे हा नशिबाचा भाग असतो. कुन्ट यांच्यासोबत ते वुर्झबुर्ग विद्यापीठात गेले, तर तिथे शिकवण्याचा अधिकार नाकारण्यात आला. कारण तेच, शाळेचा दाखला नाही! मग स्ट्रासबुर्ग, होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, गीसेन असा प्रवास झाला. १८८८ मध्ये त्याच वुर्झबुर्गने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावले आणि १८९४ मध्ये ते त्या विद्यापीठाचे प्रमुख झाले.

झ्युरिकमध्ये एका उपाहारगृहाच्या मालकाची मुलगी आना बेर्टा लुडविग हिच्याशी त्यांची ओळख झाली होती. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. १८७२ मध्ये निकाह झाला. (आमच्या तोंडात हाच शब्द येतो, वाचकांनी चालवून घ्यावे.) त्यांना मूल झाले नाही, म्हणून बेर्टाच्या भावाची मुलगी त्यांनी सांभाळली आणि वाढवली.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ८ नोव्हेंबर १८९५, वार शुक्रवार. संध्याकाळी वुर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत रॉन्टजेन एकटेच होते, वय पन्नास. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडला की काय घडते, याचा अभ्यास तेव्हा युरोपात बरेच जण करत होते. रॉन्टजेन यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती आणि खोलीत अंधार केला होता. प्रवाह सुरू केला तेव्हा थोड्या अंतरावर पडलेला, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. नळीतला उजेड तर पुठ्ठ्याबाहेर येऊच शकत नव्हता. मग पडद्यापर्यंत पोहोचले ते काय?

पुढचे जवळजवळ सात आठवडे ते प्रयोगशाळेतच असल्यासारखे राहिले. जेवण तिथे, झोपही बऱ्याचदा तिथेच. नळी आणि पडदा यांच्यामध्ये त्यांनी पुस्तक धरले, लाकूड धरले, धातूचे पत्रे धरले. शिसे धरताना पडद्यावर स्वतःच्याच हाताची हाडे दिसली. ते कुणाजवळ बोलले नाहीत. आपल्या डोळ्यांनी आपल्याला फसवले तर नाही ना, ही शंका त्यांना होती. म्हणून त्यांनी पडद्याच्या जागी फोटोची काच ठेवली. काचेवर छाया उमटली म्हणजे तो भास नव्हे, एवढे पक्के झाले. २२ डिसेंबरला बेर्टाला बोलावून तिचा हात काचेवर सुमारे १५ मिनिटे ठेवायला लावला. बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी दिसणारी ती छाया आज जगभरच्या पुस्तकांत आहे. स्वतःची हाडे बघून बेर्टाला मौत आठवली, असे सांगतात. त्यात नवल नाही. तोवर जिवंत माणसाची हाडे अशी कुणी पाहिलेली नव्हती.

२८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध वुर्झबुर्गच्या वैद्यक-भौतिकी मंडळाकडे दिला. किरणांचे स्वरूप माहीत नाही म्हणून त्यांना नाव दिले एक्स, म्हणजे बीजगणितातली अज्ञात राशी. मराठीत आपण अज्ञाताला क्ष म्हणतो, म्हणून हे क्ष-किरण झाले. जानेवारी १८९६ च्या पहिल्या आठवड्यात व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि तिथून जगभर पसरली. १३ जानेवारीला जर्मन सम्राटासमोर प्रयोग झाला. २३ जानेवारीला वुर्झबुर्गच्या मंडळात व्याख्यान झाले, तिथे वृद्ध शरीरशास्त्रज्ञ कॉलिकर यांच्या हाताचा फोटो काढला आणि कॉलिकर यांनीच या किरणांना रॉन्टजेन यांचे नाव द्यावे असे सुचवले. स्वतः रॉन्टजेन मात्र शेवटपर्यंत एक्स हाच शब्द वापरत राहिले.

मोडलेल्या हाडापर्यंत हा शोध किती लवकर पोहोचला बघा. ३ फेब्रुवारी १८९६, म्हणजे बातमी फुटून एक महिनाही झाला नव्हता. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात फ्रॉस्ट नावाच्या दोन भावांनी, त्यातला एक डॉक्टर आणि दुसरा खगोलशास्त्राचा प्राध्यापक, एडी मॅकार्थी या चौदा वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा फोटो काढला. बर्फावर घसरून पडल्याने त्याचे हाड मोडले होते. हात २० मिनिटे काचेवर स्थिर ठेवावा लागला. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत इंग्रज लष्कराचे सर्जन बीवर यांनी एक्स-रे यंत्र सोबत नेले होते आणि जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या त्याने शोधल्या.

त्याआधी काय होते? हात फिरवून, दाबून, कान लावून हाड ओळखायचे. हजार वर्षांपूर्वी अंदलूसमधल्या कुर्तुबाजवळ अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला आणि त्यात हाडे मोडणे, निखळणे, बांधणे यावर सविस्तर लिहिले. तेही बोटांच्या स्पर्शावरच. आपल्या वऱ्हाडातही हाड बसवणारे पिढीजात लोक होते, अजूनही आहेत. त्यातल्या काहींचा हात खरोखर चांगला असतो, पण आत काय झालंय हे त्यांना दिसत नाही आणि चोळून चोळून बिघडवलेल्या केसेसही आम्ही पाहिल्या आहेत.

तर रॉन्टजेन यांनी आत पाहण्याची खिडकी उघडली. पण खिडकीतून दिसते ते समजायचे कसे, हा सवाल राहिला. इथे आम्हाला इब्न अल-हैसम आठवतात. बसऱ्यात सुमारे ९६५ मध्ये जन्मलेले हे विद्वान काहिरात राहून किताब अल-मनाझिर लिहून गेले. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगांनी मांडले. त्यातली तितकीच मोलाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नजर एकटी पाहत नाही, पाहणाऱ्याची आधीची ओळख आणि त्याचा अंदाजही त्यात मिसळतो, आणि म्हणून नजरेला चुका होतात, हे त्यांनी बारकाईने लिहून ठेवले आहे. मामूंचा फोटो पाहणाऱ्या दोन डॉक्टरांचे हेच झाले. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

एक्स-रे हा खरे तर फोटो नव्हेच, ती छाया आहे. हाड मोडले की शरीर आधी त्या जागी मऊ ऊती भरते. मग त्यात चुना बसतो आणि मोडलेल्या जागेभोवती गाठ तयार होते. डॉक्टर तिला कॅलस म्हणतात. मऊ असेपर्यंत ही भरणी छायेत दिसत नाही. म्हणजे आत काम सुरू असते आणि फोटोत फट दिसते. उलटही होते. पाय थोडा वळलेला असताना फोटो निघाला तर फट गाठीमागे लपते. किरण कमीजास्त झाले तरी फरक पडतो. त्यातून रॉड किंवा पट्टी मध्ये असेल तर तिची छाया हाडावर पडते.

म्हणून कॅनडातल्या टोरोंटोच्या हाडांच्या डॉक्टरांनी नडगीच्या हाडासाठी गुण देण्याची एक पद्धत बसवली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिला थोडक्यात रस्ट म्हणतात. पद्धत साधी आहे. समोरून काढलेल्या फोटोत हाडाच्या दोन कडा दिसतात, बाजूने काढलेल्या फोटोत उरलेल्या दोन. अशा चार कडा. फट दिसते आणि गाठ नाही, तर त्या कडेला १ गुण. गाठ आहे पण फटही दिसते, तर २. गाठीने दोन्ही टोके जोडली आणि फट नाहीशी झाली, तर ३. चारही कडांची बेरीज कमीत कमी ४, जास्तीत जास्त १२. पुढे २ आणि ३ च्या मधला फरक फार मोठा पडतो म्हणून एक पायरी वाढवून ४ ते १६ ची सुधारित पद्धतही निघाली.

दहावीचे पेपर तपासणाऱ्या आमच्यासारख्यांना हे लगेच कळते. एकच निबंध, एक शिक्षक आठ गुण देतो, दुसरा सहा. दोघेही इमानदार. नमुना उत्तरपत्रिका हातात दिली, कोणत्या मुद्द्याला किती गुण ते ठरवून दिले, की फरक कमी होतो. रस्ट पद्धतीने हेच केले. हाड जुळलंय का, असा एक मोठा सवाल विचारण्याऐवजी चार छोटे सवाल विचारले. मूळ अभ्यासात वेगवेगळ्या डॉक्टरांना तेच फोटो देऊन गुण ताडून पाहिले, आणि काही काळाने त्याच डॉक्टरांना तेच फोटो परत देऊनही पाहिले, कारण माणूस स्वतःशीही नेहमी सहमत नसतो. पूर्ण मेळ म्हणजे १ धरला तर डॉक्टरांमधला मेळ ०.८६ भरला. चांगलाच म्हणायचा. पण तो पूर्ण नाही, आणि सांध्याजवळच्या हाडांवर नंतर झालेल्या तपासणीत तो याहून कमी आढळला.

आणि एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. दोन परीक्षकांचे गुण जुळले म्हणजे निबंध चांगला आहे असे सिद्ध होत नाही, नमुना उत्तरच चुकीचे असू शकते. तसेच दहा डॉक्टरांनी ९ गुण दिले म्हणून हाड वजन पेलेलच असे नाही. कोणत्या आकड्याला जुळलं म्हणायचं यावरही सगळ्यांचे एकमत नाही, बरेच जण ९ किंवा १० च्या आसपास धरतात. घट्ट पट्टी आणि स्क्रूने हाड अगदी चिकटवून बसवले असेल तर ते गाठ न धरताच जुळू शकते. तिथे गाठीचे गुण मोजणे फसवे ठरते. म्हणून जाणते डॉक्टर फोटोसोबत पायही पाहतात. मोडलेल्या जागी दाबल्यावर दुखतं का, उभं राहिल्यावर दुखतं का, हे विचारतात. साखरेचा आजार आहे का, बिडी-तंबाखू आहे का, हेही विचारतात, कारण दोन्हींमुळे हाड उशिरा जुळते.

रॉन्टजेन यांनी या किरणांवर एकूण तीनच निबंध लिहिले. त्यांना शोधाचे पेटंट घेण्याचा सल्ला मिळाला होता, पण हे सगळ्यांचे आहे असे मानून त्यांनी ते घेतले नाही. पेटंट असते तर यंत्राची किंमत काय झाली असती आणि तालुक्याच्या ठिकाणी ते कधी पोहोचले असते, कोण जाणे. बवेरियाच्या राजाने मान दिला, पण नावापुढे लावायची खानदानी पदवी त्यांनी घेतली नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ते स्टॉकहोमला गेले, पारितोषिक घेतले, भाषण न देता परत आले आणि ती रक्कम वुर्झबुर्ग विद्यापीठाच्या नावे केली. ज्या विद्यापीठाने दाखल्यासाठी अडवले होते त्याच विद्यापीठाला! पुढे जर्मनीत महागाईचा भडका उडाला आणि त्या रकमेचीही राख झाली, ते वेगळे.

वाद त्यांच्याही वाट्याला आले. फिलिप लेनार्ड हे शास्त्रज्ञ तशाच नळ्यांवर आधीपासून काम करत होते, त्यांना वाटे श्रेय आपले. पुढे त्यांनाही नोबेल मिळाले, तरी मनातली अढी गेली नाही. आणि या किरणांची दुसरी बाजूही लवकरच समोर आली. सुरुवातीला लोक तमाशासारखे तासन्‌तास हात धरून हाडे बघत. कातडी जळू लागली, केस गळू लागले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये यातच गेले. रॉन्टजेन मात्र जस्त आणि शिशाच्या पत्र्याची पेटी करून तिच्या आडून काम करत असल्याने बचावले.

१९०० पासून ते म्युनिकला होते. पहिले महायुद्ध झाले, जर्मनी हरली. बेर्टा दीर्घ आजारी होती, तिची सेवा ते स्वतः करत. ती १९१९ मध्ये गेली. साठवलेला पैसा महागाईत विरघळला. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. गीसेनच्या जुन्या कब्रस्तानात आईवडील आणि बेर्टा यांच्याजवळ त्यांना दफन केले. प्रयोगांचे कागद, पत्रे जाळून टाकावीत असे ते सांगून गेले होते आणि बहुतेक जाळलीही गेली. त्यामुळे त्या शुक्रवारच्या संध्याकाळी नेमके काय काय घडले, यावर लिहिणाऱ्यांचे आजही पूर्ण जुळत नाही.

मामूंचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही घरातले सगळे फोटो शोधले. एक पलंगाखाली होता, एक भाच्याने पतंगासाठी लपवून ठेवला होता. ऑपरेशननंतरचा, दीड महिन्याचा, तीन महिन्यांचा, असे तारखेने लावले आणि घेऊन पहिल्याच डॉक्टरांकडे गेलो. एकटा शेवटचा फोटो बघणं वेगळं आणि रांगेत बघणं वेगळं. आम्ही भीत भीत विचारलं, की साहेब, चारपैकी कोणती कड राहिली? त्यांनी नीट पाहिलं, बोट ठेवून दाखवलं. दोन कडांना चांगली गाठ आली होती, एकीला थोडी, मागच्या कडेला जवळजवळ नाही. त्यांनी पूर्ण वजनाचा सल्ला बदलून वॉकर धरून अर्धं वजन टाकायला सांगितलं. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांची फट खरी होती, आणि पहिल्यांचं हाड जुळत असल्याचं म्हणणंही खरं होतं. ज्यांच्या घरी अशी केस असेल त्यांनी जुने फोटो जपावेत, मोबाईलमध्ये तारखेसह ठेवावेत आणि दर वेळी समोरून व बाजूने असे दोन्ही काढून घ्यावेत. जुने फोटो जपायला काही पैसे लागत नाहीत.

पुढचा फोटो इन्शाअल्लाह याच महिन्यात निघायचा आहे. डॉक्टरांनी बिडी पूर्ण बंद करायला सांगितली होती. मामू म्हणतात सोडली. मामींचं म्हणणं वेगळं आहे.